वर्गातले तंत्रज्ञान : सावकाशीचा हिशेब

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तंत्रज्ञान बहुतेक वेळा खोक्यात बंद होऊन, एकाच दिवशी आणि वरून आलेले आहे. रेडिओ तसा आला, दूरचित्रवाणी संच तसा आला, संगणक तसा आला आणि अलीकडे प्रोजेक्टर, टॅब, स्मार्ट टीव्हीही तसेच आले. खोके उतरवून घेतले जाते, नारळ फुटतो, सरपंच किंवा गटशिक्षणाधिकारी फीत कापतात, फोटो निघतो. ते यंत्र रोजच्या पाठात मुरायला मात्र काही वर्षे जातात. ती वर्षे देण्याची सोय ना योजनेच्या कागदात असते, ना अनुदानाच्या हप्त्यात. मार्चअखेर खर्च पडला की योजना पूर्ण झाली असे धरले जाते आणि शिक्षकाचे काम तिथून सुरू होते.

या दिरंगाईचे खापर शिक्षकांच्या अनास्थेवर फोडण्याची सवय जुनी आहे. यंत्राच्या बाजूने पाहिले तर कारणे अधिक स्पष्ट दिसतात. पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली. शालेय मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करणारी ती राज्याची संस्था, आणि दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम आजही अनेकांच्या आठवणीत आहेत. पण प्रक्षेपणाची वेळ दूरदर्शनची होती आणि वेळापत्रक शाळेचे. वर्गात हातच्याची वजाबाकी चाललेली असताना पडद्यावर फुलपाखराचे जीवनचक्र सुरू होई. कार्यक्रम मध्येच थांबवून प्रश्न विचारता येत नसे, मागे नेऊन पुन्हा दाखवता येत नसे, आणि वीज गेली की त्या दिवसाचा भाग गेलाच. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली. आज तसेच पाच मिनिटांचे चलचित्र शिक्षक मोबाइलवर लावतो, नेमक्या जागी थांबवतो, ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारतो आणि मुलांची उत्तरे आल्यावर पुढे सरकवतो. दोन पिढ्यांच्या तंत्रज्ञानातला शिक्षकाच्या दृष्टीने मोठा फरक चित्राच्या स्पष्टतेत नाही, थांबवण्याच्या कळीत आहे.

संगणकाची गोष्ट वेगळी नव्हती. १९८४ मध्येच केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून देशभरातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. पुढच्या दोन दशकांत ज्या शाळांना संगणक मिळाले, त्यांतल्या बहुतेकांनी त्यांसाठी स्वतंत्र खोली केली. दारात चपला काढायच्या, धुळीपासून बचाव म्हणून यंत्रांवर झाकणे घालायची आणि आठवड्यातून एक तास ओळीने आत जायचे. संगणक हा एक जादा विषय झाला; गणिताच्या किंवा भूगोलाच्या तासाला त्याचा स्पर्श झाला नाही. याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग रायगड जिल्ह्यात झाला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैरात या छोट्या गावाच्या एकशिक्षकी शाळेत सुरू झाला. आदल्याच वर्षी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही कल्पना देशपातळीवर नाकारली होती. खैरातमध्ये यंत्र मुलांच्या हातात थेट गेले आणि मुलांनी ते पटकन आपलेसे केले. मुले तसे करतातच. एका शाळेवरून पुढे शेकडो शाळांत जाण्याचा रस्ता मात्र तिथून निघाला नाही. एकीकडे कुलूपबंद खोली आणि दुसरीकडे पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात यंत्र, या दोन टोकांच्या मधला जो लांबलचक पट्टा आहे, त्यातच सामान्य शाळेला वाट काढावी लागते.

ती वाट विजेच्या खांबापासून सुरू होते. पुष्कळ शाळांत मीटर आहे, पण बिल कोणी भरायचे याचे उत्तर दरवर्षी नव्याने शोधावे लागते. सादिलची म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम खडू, झाडू, रजिस्टरे आणि स्टेशनरीतच संपते. थकबाकीपोटी जोडणी तोडली जाण्याचे प्रसंग राज्यभर घडले आहेत. म्हणून अनुभवी मुख्याध्यापक लोकवर्गणी गोळा करताना प्रोजेक्टरआधी सौर पॅनेल आणि बॅटरीची गोष्ट काढतात. गावकऱ्यांना त्यात फारसे आकर्षण नसते, कारण पॅनेलचे उद्घाटन दिमाखदार होत नाही.

दुसरा अडथळा कागदावरचा आहे आणि बाहेरच्यांना तो सहसा दिसत नाही. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते. तिची जबाबदारी मुख्याध्यापकावर येते. ती फुटली, हरवली, चोरीला गेली तर खुलासा द्यायचा. निकामी झाली तर निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा आणि मंजुरीची वाट पाहायची. अशा व्यवस्थेत टॅब मुलांच्या हातात देणे हे धाडस ठरते आणि गोदरेजच्या कपाटात ठेवणे हा शहाणपणा. तपासणीला येणारा अधिकारी टॅब आहेत का हे मोजतो; त्यांच्या काचेवर मुलांच्या बोटांचे ठसे आहेत का हे बघत नाही. टप्प्याटप्प्याने जाण्याचा एक मोठा फायदा इथेच आहे : सुरुवात नोंदवहीत नसलेल्या वस्तूपासून करता येते. ती वस्तू म्हणजे शिक्षकाचा स्वतःचा मोबाइल.

सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि दोनतीन वर्षांत खेड्यातल्या शिक्षकाच्या खिशातही चांगला फोन आला. त्याआधीच, जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर, ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द शासकीय भाषेत रूढ झाला होता आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्यासारख्या छोट्या शाळेतली कमी खर्चाची डिजिटल वर्गखोली पाहायला लांबून शिक्षक जात होते. तालुक्यातालुक्यांत लोकसहभागातून ‘डिजिटल शाळा’ जाहीर होऊ लागल्या. त्यांतल्या कित्येकांचा अर्थ एका खोलीत एक टीव्ही एवढाच होता, हेही नमूद केले पाहिजे. फोनची वाट मात्र याहून संथ आणि शांत होती. सुरुवातीचे काही महिने शिक्षक तो फक्त स्वतःच्या तयारीसाठी वापरतो : पाठ टाचण काढताना एखादा नकाशा पाहणे, पुस्तकातल्या कवितेची चाल ऐकणे, शेजारच्या केंद्रातल्या शिक्षकाने त्याच घटकाला कोणते साहित्य केले ते शिक्षकांच्या फोनवरच्या गटावर विचारणे. मुलांना या टप्प्यात काहीच नवीन दिसत नाही, आणि तेच योग्य आहे. यंत्र अडले तर काय करायचे हे शिक्षकाला चाळीस डोळ्यांसमोर शिकावे लागत नाही.

मुलांपर्यंत नेण्याची पहिली पायरी बहुतेकांना चित्र वाटते. प्रत्यक्षात आवाज अधिक सोपा आणि अधिक उपयोगी ठरतो. ध्वनिमुद्रणाला पडदा लागत नाही, अंधार लागत नाही, इंटरनेट लागत नाही. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी बसते. शिक्षक तिसरीला गुणाकार देत असताना चौथीतली एक मुलगी व्हरांड्यात फोन घेऊन बसते आणि पुस्तकातला दहा ओळींचा उतारा वाचून मुद्रित करते. मग स्वतःच ऐकते. पहिल्यांदा ऐकताना हसू येते, आपला आवाज असा आहे हे पटत नाही. दुसऱ्या खेपेला लक्ष शब्दांकडे जाते. ‘आश्चर्य’पाशी आपण अडखळलो, ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द गिळून टाकला, पूर्णविराम असूनही थांबलो नाही, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. ती आपणहून पुन्हा मुद्रित करायला मागते. शिक्षकाने लाल शाईने केलेली दुरुस्ती आणि स्वतःच्या कानाने पकडलेली चूक यांत मोठे अंतर आहे. संध्याकाळी शिक्षक ते मुद्रण सावकाश ऐकू शकतो. महिन्याने पुन्हा तोच उतारा वाचून घेतला की प्रगती मोजण्यासाठी वेगळा तक्ता लागत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. मूल घरी अहिराणी, भिली, कोरकू किंवा मालवणी बोलत असेल, तर मुद्रणात घरची धाटणी येणारच. ती अडखळण्याच्या खात्यात जमा करणारा शिक्षक मुलाला पुन्हा गप्प बसवतो. म्हणून काही शिक्षक पहिले मुद्रण पुस्तकातल्या उताऱ्याचे घेतच नाहीत. आजीने सांगितलेली गोष्ट घरच्या बोलीत मुद्रित करायला लावतात. आज्यांच्या गोष्टींचा संग्रह तयार होतो, फोन घरी वावरल्याने पालकांची भीती जाते, आणि पुस्तकी उताऱ्याची पाळी येईपर्यंत मूल यंत्रासमोर बुजायचे थांबलेले असते.

चित्राची पायरी यानंतरची. प्रोजेक्टर वर्गात आला की पहिले भांडण उजेडाशी होते. जिल्हा परिषदेच्या वर्गखोल्या भरपूर उजेड यावा अशाच बांधलेल्या असतात; सकाळी अकराच्या उन्हात भिंतीवरचे चित्र फिकट धुक्यासारखे दिसते. खिडक्यांना जुन्या साड्या बांधल्या जातात, मग वारा बंद होतो, उन्हाळ्यात मुले घामाघूम होतात आणि मागच्या बाकावरची पेंगतात. यामुळे अनेक शाळा प्रोजेक्टरवरून टीव्हीकडे वळल्या. साधन कोणतेही असो, जुने शिक्षक एक पथ्य पाळतात : एका पाठात एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळे ओळखीचे ठेवायचे. फळा, खडू, वही, पुस्तक जागेवर राहते आणि पडदा त्यांच्यातल्या एखाद्याचेच काम थोडा वेळ हाती घेतो.

माध्यमिक वर्गातला भूमितीचा एक पाठ यासाठी नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. घटक आहे वर्तुळाच्या एकाच कंसात अंतर्लिखित केलेल्या कोनांचा. जिओजेब्रा हे २००१ पासून विकसित होत गेलेले, शाळांना फुकट मिळणारे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालणारे सॉफ्टवेअर यासाठी उत्तम आहे. वर्तुळ काढायचे, एक जीवा काढायची, वर्तुळावर एक बिंदू घेऊन तो जीवेच्या दोन्ही टोकांना जोडायचा, आणि तो बिंदू बोटाने वर्तुळावरून फिरवायचा. पडद्यावरचा कोन ४० अंश असेल तर तो ४०च राहतो. पाठ इथून सुरू केला तर तो दोन मिनिटांत संपतो. मुले बघतात, मान डोलावतात, विसरतात.

तोच पाठ उलट्या क्रमाने घेतला की वेगळा होतो. आधी प्रत्येकाने वहीत कंपासने वर्तुळ काढायचे. जीवा सगळ्यांनी सारख्या मापाची आणि त्रिज्याही सारखी घ्यायची. मोठ्या कंसावर कुठेही तीन बिंदू घेऊन तीन कोन काढायचे आणि कोनमापकाने मोजायचे. फळ्यावर मापे लिहिली जातात : ३८, ४१, ४०, ३९, ४३. ‘सर, माझे दोन सारखे आले,’ असे एखादा म्हणतो. दुसरा त्याला, ‘नीट मोज,’ असे सुनावतो. सगळे कोन सारखे असावेत की नाही यावर वाद सुरू होतो. तो पुरेसा तापला की शिक्षक पडदा सुरू करतो. बिंदू सरकतो, ४० हलत नाही. आता मुलांचे डोळे पडद्यावरून वहीकडे जातात आणि आपल्या ३८ला आणि ४३ला जबाबदार कोण हे कळते : पेन्सिलीची जाड रेघ, कोनमापकाचा सरकलेला मध्य. त्यातच कोणीतरी बिंदू आणखी पुढे न्यायला सांगते. बिंदू जीवेचे टोक ओलांडून लहान कंसावर जातो आणि आकडा एकदम १४० होतो. या उडीचे कारण शोधण्यातच उरलेला तास जातो, आणि चक्रीय चौकोनाचा पुढचा पाठ अर्धा झालेला असतो. एवढ्या तासात पडदा सुरू असतो फार तर दहा मिनिटे.

विज्ञानातही क्रमाचे महत्त्व असेच आहे. कोलोरॅडो विद्यापीठाने तयार केलेली फेट नावाची आभासी प्रयोगांची साधने मराठीतही वापरता येतात. त्यांतली विद्युत परिपथाची मांडणी मुलांना फार आवडते, कारण बल्ब हमखास पेटतो. खऱ्या वर्गात तो तसा पेटत नाही. सेल उतरलेला असतो, तारेवरचे प्लॅस्टिक नीट सोललेले नसते, बल्ब होल्डरमध्ये ढिला असतो. ही खटपट एकदा झाल्यावर आभासी परिपथ दाखवला तर तो विचाराला मदत करतो. खटपटीऐवजी दाखवला तर मुलांना वाटते की जोडणी सैल असणे ही गोष्ट विज्ञानात नसतेच.

जुने न हलवता नवे जोडण्याचे राज्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण क्यूआर कोडचे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांना क्यूआर कोड जोडले. त्यानंतर बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले, आणि केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या दीक्षा या मंचाशी जोडले गेले. डिसले यांना २०२० सालचा ग्लोबल टीचर प्राइझ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांना माहीत आहे. त्या कल्पनेतली खरी चतुराई मात्र तिच्या लहानपणात आहे. पुस्तक तेच, पान तेच, धडा तोच. पानाच्या कोपऱ्यात एक चौकोन वाढला. फोन असेल तर चौकोन उघडतो, नसेल तर धडा अडत नाही.

मुलांच्या हातात यंत्र देण्याची पायरी सर्वांत उशिरा येते आणि तिथे प्रश्न तंत्राचे कमी, वर्गातल्या वागण्याचे जास्त असतात. पाच मुलांत एक टॅब दिला की पहिल्या आठवड्यात तो कोणाच्या हातात राहतो हे बघण्यासारखे असते : बहुधा एखाद्या धीट मुलाच्या, आणि मुली मागून डोकावत. ज्याच्या घरी मोठा फोन आहे तो शिकवणारा होतो, ज्याच्या घरी नाही तो प्रेक्षक. हे आपोआप सुटत नाही. म्हणून गटात कामे ठरवून दिली जातात : एकाने टॅब धरायचा, एकाने वाचायचे, एकाने वहीत लिहायचे, आणि दर काही मिनिटांनी कामे फिरवायची. टॅबना क्रमांक घालून रोज त्याच गटाला तोच टॅब दिला, तर काच फुटण्याचे प्रमाण उतरते. आपल्या क्रमांकाच्या वस्तूला मुले जपतात. मराठी टंकलेखनही याच पायरीवरचे काम आहे. इन्स्क्रिप्ट पद्धतीत जोडाक्षर तोडून, हलन्त देऊन लिहावे लागते आणि त्यामुळे ते कोणत्या अक्षरांनी बनते हे मुलांना पुन्हा एकदा पाहावे लागते. घरी रोमन अक्षरांत मराठी निरोप लिहिणाऱ्या मोठ्या भावंडांपुढे याची मिरवणूक निघते, ती निघू द्यावी.

हा सगळा क्रम २०२० मध्ये एका झटक्यात उलटला. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष घरूनच सुरू झाले. जी पायरी शेवटची, ती सर्वांना पहिली घ्यावी लागली. ज्या शिक्षकांनी आधीच्या दोनचार वर्षांत आवाज, चित्र, छोटे गट असे करत हात बसवला होता, ते लवकर सावरले. मुलांना रोज एक ध्वनिमुद्रित प्रश्न पाठवणे, वहीचा फोटो मागवणे यातून त्यांनी काम चालू ठेवले. बाकीच्यांनी दिवसभर लिंका पुढे पाठवल्या. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर, आणि भावंडे तीन, ही स्थिती कोणत्याही ॲपने बदलली नाही. त्या काळात जुनी माध्यमे पुन्हा उपयोगी पडली : सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली, पालघर जिल्ह्यातल्या काही पाड्यांवर लाउडस्पीकरवरून धडे ऐकवले गेले, आणि कित्येक शिक्षक छापील कागद घेऊन घरोघर फिरले.

शिक्षकांच्या कुरकुरीचे एक कारण वेगळेच आहे आणि ते रास्त आहे. शासनाच्या बाजूने तंत्रज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचले ते अध्यापनाचे साधन म्हणून कमी आणि माहिती भरण्याचे काम म्हणून जास्त. २०१५ पासून सरल प्रणाली, यू-डायस, पोषण आहाराची रोजची नोंद, उपक्रमांचे फोटो आणि लिंक. परिपाठ संपत नाही तोच गटावर ‘माहिती तातडीने भरावी’ असा निरोप येतो. ज्या फोनने सकाळी हे काम करून घेतले, तोच दुपारी पाठासाठी हौसेने काढावा अशी अपेक्षा करणे जरा जास्तच आहे. ज्या केंद्रांत केंद्रप्रमुखांनी अशी कामे आठवड्यातल्या एका दिवसावर आणली, तिथे शिक्षण परिषदेत पाठांची चर्चा होऊ शकते. एखाद्या शाळेतल्या बाई आपल्या वर्गातली मुद्रणे ऐकवतात आणि पुढच्या महिन्यात आणखी दोन शाळा ते करून बघतात. प्रशिक्षणाच्या सभागृहात दिवसभर दाखवलेल्या पन्नास ॲपपेक्षा शेजारच्या शाळेत चालताना दिसलेली एक युक्ती लवकर उचलली जाते.

या वेगाचा अंदाज बांधताना बहुतेक शिक्षक वर्ष हे एकक धरतात. पहिले वर्ष स्वतःच्या तयारीचे आणि आवाजाचे, दुसरे पडद्याचे, तिसऱ्या वर्षी मुलांच्या हातात, असा साधारण क्रम पडतो. पहिली-दुसरीत मात्र पुष्कळ जण तिसरी पायरी घेतच नाहीत. त्या वयात बोटांना माती, चिंचोके, मणी आणि पाटी यांची गरज जास्त असते, आणि अक्षर गिरवताना मनगटाला जे वळण लागते ते काचेवर लागत नाही. एखादी पायरी जमली नाही तर मागे येण्याची मुभाही या क्रमात असते. टीव्हीवर सलग गोष्टी लावल्याने मुले कान टवकारण्याऐवजी नुसतीच रमू लागली, असे दिसल्यावर काही शाळांनी गोष्टीचा आवाज बंद करून मुलांनाच ती सांगायला लावली. तोच टीव्ही, तीच गोष्ट, काम दुसरे.

या सगळ्या बांधणीला खरा धक्का बसतो तो बदलीने. शाळेत तंत्रज्ञान रुजवणारा शिक्षक बहुधा एकटा असतो. त्याची बदली झाली की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, प्रोजेक्टरची नेमकी कोणती वायर हलवावी लागते हे ज्ञान जाते, मुद्रणे त्याच्या खासगी फोनमध्येच राहतात. नवीन शिक्षक कपाट उघडतो, वस्तू मोजून घेतो, नोंदवहीवर सही करतो आणि कपाट लावतो. काही मुख्याध्यापकांनी यावर साधा तोडगा काढला आहे. कार्यभार देताना जडवस्तूंच्या यादीसोबत एक साधी वही द्यायची. तिच्यात कोणत्या घटकाला काय वापरले, किती मिनिटे, कुठे अडले, दुरुस्ती तालुक्याला कोणाकडे होते, हे शिक्षकाच्या हातचे लिहिलेले असते. मुद्रणे आणि फाइली शाळेच्या नावाने ठेवलेल्या पेनड्राइव्हमध्ये जातात. शिवाय सातवीतल्या दोनचार मुलामुलींना जोडणी, चार्जिंग आणि बंद-चालू करणे आधीच शिकवून ठेवलेले असते. नवीन गुरुजी रुजू होतात तेव्हा टीव्ही कसा लावायचा हे त्यांना ही मुलेच दाखवतात, आणि आपण गेल्यावर कोणी दाखवायचे म्हणून सहावीतल्यांना शेजारी उभे करतात.